वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बल असतं की नाही? (सातवी, विज्ञान)

रात्रीचा_अभ्यास

नमस्कार. मुलगी सातवीत आहे, सध्या बल आणि गती चालू आहे. सरावाला एक आकृती दिलीय. मुलगा चेंडू सरळ वर फेकतो, आणि चेंडूच्या तीन जागा दाखवल्यात: वर जाताना, अगदी शेंड्यावर, आणि खाली येताना. प्रत्येक जागी चेंडूवर कोणती बलं लागतात ते बाणांनी दाखवायचं. हवेचा विरोध धरायचा नाही.

तिने असं काढलं. वर जाताना एक मोठा बाण वर (हाताचं बल) आणि एक छोटा बाण खाली (गुरुत्वाकर्षण). शेंड्यावर दोन्ही बाण सारखे, म्हणून चेंडू क्षणभर थांबतो. खाली येताना फक्त खालचा बाण. मला वाचून पटलं. उत्तरसूचीत मात्र तिन्ही जागी एकच बाण, तोही खाली, आणि तिन्ही बाण सारख्याच लांबीचे. छपाईचा घोळ म्हणावा तर वर्गात बाईंनीही तेच बरोबर धरलंय.

आता ती विचारतेय, "बल खाली लागतंय तर चेंडू वर जातोच कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी समजत होते की हात चेंडूत बल भरतो, गाडीत पेट्रोल भरावं तसं, आणि ते संपत आलं की चेंडू थांबतो. यात नेमकं काय बिनसतंय? कृपया सूत्र सांगून मोकळे होऊ नका. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे तिला झोपेतसुद्धा येतं, त्याने काही उजेड पडलेला नाही.

शॉर्टकट

सोपं आहे. शेंड्यावर चेंडू थांबतो म्हणजे तिथे बल शून्य. बाकी दोन जागी उत्तरसूची बरोबर.

खडू_फळा

शॉर्टकट, जरा दमानं. शेंड्यावर बल शून्य असतं तर चेंडू खाली आलाच नसता, तिथेच लटकून राहिला असता. त्याच्याकडे येतो.

ताई, मी शाळेत विज्ञान शिकवतो. तुमच्या मुलीने काढलेली आकृती दरवर्षी माझ्या टेबलावर ढिगाने येते, आणि खरं सांगू का, मला ती आवडते. पोरीने पाठ केलेलं उतरवलं नाही, डोकं चालवलंय. नुसता खालचा बाण काढून पूर्ण मार्क घेणाऱ्या कित्येकांना "का रे?" विचारलं की ते खाली बघतात.

माझ्या वर्गात एक कडक नियम आहे. बाण काढला की त्याच्याशेजारी दोन नावं लिहायची, बल कोण लावतंय आणि कोणावर. "पृथ्वी, चेंडूवर." "टेबल, पुस्तकावर." "दोरी, बादलीवर." लावणाऱ्याचं नाव सापडत नसेल तर बाण खोडायचा. दयामाया नाही.

आता तिच्या वरच्या बाणाला नाव द्यायला सांगा. ती म्हणेल "हात, चेंडूवर". मग विचारा, हात आत्ता आहे कुठे? तो तर खाली राहिला. हात चेंडूला टेकलेला नाही, मग ढकलेल कसा? सातवीच्या पोराला जी बलं भेटतात ती दोनच जातीची. एक टेकल्याशिवाय लागत नाहीत: ढकलणं, ओढणं, घर्षण, हवेचा रेटा. दुसरी न टेकता लागतात: गुरुत्वाकर्षण, चुंबकाचं बल, घासलेल्या पट्टीने कागदाचे कपटे उचलावेत ते विद्युत बल. हात पहिल्या जातीतला. बोटं सुटली की त्याचं बल त्याच क्षणी संपलं. हळूहळू आटत वगैरे काही नाही. तुमची पेट्रोलची कल्पना इथे अडते: बल वस्तूत भरून ठेवता येत नाही. कुणीतरी कुणावर तरी लावत असेल तोवरच ते असतं.

मग चेंडूकडे उरलं काय? वेग. तो त्याचा स्वतःचा आहे, आणि तो टिकवायला कुणी ढकलत राहावं लागत नाही. वेग बदलायचा असेल तरच बल लागतं.

आकडे घेऊन बघू, त्याशिवाय मला स्वतःला चैन पडत नाही. चेंडू दीडशे ग्रॅमचा. गुरुत्व त्वरण हिशेबाच्या सोयीसाठी १० धरू (खरं ९.८). म्हणजे चेंडूचं वजन १.५ न्यूटन. हात त्याला शून्यापासून सुरुवात करून अर्धा मीटर वर नेतो आणि सोडतो, तेव्हा वेग सेकंदाला १० मीटर झालेला आहे. हात एकसारखा रेटत होता असं धरलं तर या सगळ्याला ०.१ सेकंद लागतो. एवढ्याशा वेळात वेग शून्याचा १० झाला, म्हणजे त्वरण १००. त्यासाठी एकूण बल हवं १५ न्यूटन, आणि वजनाला झेलायला आणखी दीड. हाताने लावलं १६.५ न्यूटन, चेंडूच्या वजनाच्या अकरा पट.

म्हणजे वरचा मोठा बाण आहे, मुलगी उगाच बोलत नाही. फक्त तो त्या ०.१ सेकंदापुरता आहे, चेंडू हातात असतानाचा. माझं भांडण उत्तरसूचीशी नाही, आकृतीशी आहे. तिथे चौथी जागा हवी होती, हातातला चेंडू. ती दाखवली असती तर निम्मा घोळ झालाच नसता.

आता सुटल्यानंतर. वेग १०, वरच्या दिशेने. पृथ्वी दर सेकंदाला त्यातले १० कमी करते. ०.२ सेकंदाने उरले ८. मग ६, ४, २. बरोबर एका सेकंदाने शून्य, पाच मीटर उंचीवर. आणि पुढच्या ०.२ सेकंदाने २, पण खालच्या दिशेने. प्रत्येक टप्प्यात २ चाच फरक, शेंड्याच्या अलीकडेही आणि पलीकडेही. फरक तोच म्हणजे बल तेच. म्हणून तिन्ही बाण सारख्या लांबीचे. शॉर्टकट, शून्य झाला तो वेग. वेग शून्य असणं आणि बल शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिला आणखी एक विचारा. तुझ्या चित्रात वर जाताना वरचा बाण मोठा आहे. तुझ्याच सूत्राप्रमाणे चेंडूचा वेग वाढायला हवा की कमी व्हायला? तिने स्वतः उत्तर दिलं तर बरं, तुम्ही देऊ नका.

जमलं तर एक प्रयोगही करा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ बाजूने एक छोटं भोक पाडा. भोकावर बोट ठेवून पाणी भरा, झाकण लावू नका, बोट काढा. धार लागेल. आता बाटली सरळ वर उडवा आणि धारेवर नजर ठेवा. घराबाहेर करा, नाहीतर माझ्या नावाने बोटं मोडाल.

रात्रीचा_अभ्यास

केला प्रयोग. मुलीने उडवली, मी फोनवर मंदगती व्हिडिओ घेतला. हात वर रेटत असताना धार एकदम जोरात, लांब जाते. बाटली हातातून सुटली की धार तुटते. पुढे जे दोनचार थेंब दिसतात ते आधी निघालेले. वर जातानाही धार नाही, खाली येतानाही नाही. खाली येताना थांबेल असं वाटलंच होतं, वर जातानाही थांबते हे बघून आम्ही दोघी गप्प.

आणि तुमच्या त्या प्रश्नावर ती बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, "मग तर वेग वाढायला हवा." बाण खोडला तिने. पण पूर्ण सुटका झालेली नाही. म्हणते, "पाण्यातही हाताने बल भरलं असेल तर? बाटली आणि पाणी दोघांतही भरलं असेल, दोघंही सारखेच वर जातील, धार थांबेलच की."

खडू_फळा

ही पोरगी माझ्या वर्गात पाठवा.

तिचा मुद्दा बिनतोड आहे. बाटली फक्त एवढंच सांगते की सुटल्यानंतर पाणी आणि बाटली एकमेकांना रेटत नाहीत. हातात असताना पाणी तळाला दाबतं, त्या दाबाने धार निघते. हात वर रेटतो तेव्हा दाब वाढतो, धार लांब जाते. सुटल्यावर दोघांचा वेग एकाच दराने कमी होतो, कोणी कोणावर टेकून नाही, दाब नाही, धार नाही. पण दोघांतही सारखंच गुप्त बल भरलंय असं कुणी म्हटलं तर बाटली त्याला खोटं पाडू शकत नाही. त्यासाठी वेग मोजावा लागेल. कुणी मोजलाय का?

तीस_फ्रेम

मोजलाय. मला व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायची खोड आहे, म्हणून सांगतो.

भिंतीवर खडूने दर १० सेंटीमीटरला रेघ मारली. फोन स्टुलावर पक्का ठेवला, भिंतीपासून चांगला लांब, साधारण चेंडूच्या उंचीच्या मध्यावर. जवळ ठेवला तर वरच्या रेघा तिरक्या दिसतात आणि मापं फसतात. चेंडू भिंतीला जवळजवळ खेटून वर उडवला. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे दर तिसरी फ्रेम ०.१ सेकंदाची. त्या फ्रेमवर थांबायचं आणि चेंडूचा खालचा काठ कुठल्या रेघेवर आहे ते लिहायचं.

हात सुटल्यापासून प्रत्येक ०.१ सेकंदात चेंडू किती वर गेला, सेंटीमीटरमध्ये: ४४, ३४, २५, १४, ५. मग खाली: ५, १५, २४.

यात बघायचं ते असं. ४४ चे ३४ झाले, १० ने घट. मग ९, ११, ९. शेंड्यावर "५ वर" चे "५ खाली" झाले, म्हणजे पुन्हा १० चा फरक. मग १० आणि ९. एखाद्या सेंटीमीटरची खालीवर माझ्या डोळ्यांची आहे. सिद्धांताप्रमाणे प्रत्येक वेळी ९.८ यायला हवेत.

हात चेंडूत बल भरून देत असता आणि ते आटत जात असतं तर सुरुवातीच्या टप्प्यांत घट अगदी कमी दिसली असती, किंवा वेग चक्क वाढला असता. मग बल आटेल तसतशी घट वाढत गेली असती. इथे पहिल्याच टप्प्यापासून पुरी घट आहे. गुप्त बलाला शिरायला फटच नाही.

मुलीला आकडे तयार देऊ नका, तिच्याकडूनच मोजून घ्या. पहिल्यांदा फेकताना चेंडू भिंतीला घासतो आणि सगळं वाया जातं, तेवढं सांभाळा.

जुनी_पानं

मुलीला एक गंमत सांगा: तिच्या वहीतली आकृती गॅलिलिओनेही मांडली होती.

१५९० च्या सुमारास तो इटलीतल्या पिसा शहरात गणित शिकवत होता. गतीवर त्याने एक टिपण लिहिलं, जे त्याने हयातीत छापलंच नाही. त्यात वर फेकलेल्या वस्तूचं स्पष्टीकरण असं: हाताने वस्तूत बल घातलं, ते कमी होत जातं, शेंड्यावर ते वजनाएवढं उरतं, मग वजन वरचढ होतं आणि वस्तू खाली येते. मोठा बाण, सारखे बाण, छोटा बाण. सातवीतल्या मुलीने एका संध्याकाळी हेच काढलं.

त्याआधीची मंडळी तर आणखी मजेशीर. ॲरिस्टॉटलच्या मते हात सुटल्यावर फेकलेल्या वस्तूला भोवतालची हवा ढकलत राहते. निदान लावणाऱ्याचं नाव तरी होतं, खडू_फळा यांच्या नियमात बसलं असतं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हे खोडून काढलं आणि ढकलण्याची ताकद फेकणाराच वस्तूत घालतो असं म्हटलं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने तो विचार नीट बांधला. त्याची ती ताकद वस्तुमान आणि वेगावर अवलंबून होती आणि आपोआप आटत नव्हती, हवेच्या विरोधाने किंवा वजनानेच कमी व्हायची. आजच्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) फार जवळ आला होता तो, फक्त त्याला ते गती टिकवणारं कारण वाटत होतं.

गॅलिलिओने पुढे उतरत्या फळीवरून गोळे सोडून मोजमापं केली आणि १६३८ च्या ग्रंथात सारख्या दराने बदलणारा वेग मांडला. न्यूटनचे तीन नियम आले १६८७ मध्ये. म्हणजे फिलोपोनसपासून मोजलं तरी हजारावर वर्षं हुशार माणसं याच बाणाशी झगडत होती.

आणि नंतरही. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याचा हाच प्रश्न घातला, १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांनी वर जाणारा बाण काढला होता. यांत्रिकी शिकून झालेल्यांतही असे पुष्कळ निघाले.

शॉर्टकट

बरं, माघार. पण "हवेचा विरोध धरू नका" म्हणून प्रश्न सोपा करून घेतलाय. हवा धरली तर वर एखादा बाण येईल की नाही?

खडू_फळा

येईल, पण भलत्याच जागी.

हवा नेहमी गतीच्या उलट दिशेने रेटते. चेंडू वर जातोय तेव्हा हवेचा बाण खाली, वजनाच्याच बाजूने. खाली येतोय तेव्हा हवेचा बाण वर. म्हणजे हवा धरूनसुद्धा वर जाताना वरच्या दिशेने काहीच नाही, आणि वरचा बाण मिळतो तो खाली येताना! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

किती मोठा? सात सेंटीमीटर व्यासाचा चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल तर हवेचा विरोध साधारण ०.१ न्यूटन. वजन १.५. म्हणजे हातातून सुटल्या सुटल्या एकूण बल खाली १.६ च्या आसपास, शेंड्यावर वेगच नाही म्हणून हवाही नाही, नुसतं १.५, आणि परत हाताशी येताना १.४ च्या आसपास. सातवीला हवा सोडायला सांगतात ती याचसाठी, फरक थोडा आहे. पिसाला किंवा फुग्याला सोडून चालणार नाही.

रात्रीचा_अभ्यास

सगळ्यांचे आभार. रविवारी भिंत रंगवायचीय तोवर खडूच्या रेघांना परवानगी दिलीय.

शेवटचा प्रश्न, तिचाच. चेंडू जमिनीवर आपटतो आणि उसळी मारतो. सगळ्यात खाली दबलेला असतो तेव्हाही तो क्षणभर थांबलेला असतो. तिथेही फक्त खालचा एक बाण का? ती म्हणते दोन, कारण आता फरशी टेकलेली आहे. पण दोन बाण सारखे की वेगळे, यावर आमची गाडी अडलीय. मी म्हणते थांबलाय म्हणजे सारखे.

खडू_फळा

दोन, तिचं बरोबर. "पृथ्वी, चेंडूवर" आणि "फरशी, चेंडूवर". सारखे मात्र नाहीत. सारखे असते तर वेग बदललाच नसता, चेंडू थांबला तो थांबलाच, फरशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा. इथे तर पुढच्याच क्षणी तो वर निघतो, म्हणजे वरचा बाण मोठा हवा.

किती मोठा ते काढू. समजा तोच चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने आपटला, ४ मीटर वेगाने उसळला, आणि फरशीला ०.०१ सेकंद टेकून होता. वेगातला बदल ९, कारण दिशाही उलटली (५ मधून ४ वजा करणारे दरवर्षी निघतात, तिला आधीच सांगून ठेवा). सरासरी त्वरण ९००. दीडशे ग्रॅमसाठी एकूण बल १३५ न्यूटन, त्यात वजन मिळवलं की फरशीचं सरासरी बल १३६.५. चेंडू पुरता दबलेला असतो त्या क्षणी तर याहूनही जास्त.

शेंड्यावर वेग शून्य आणि दीड न्यूटन खाली. फरशीवर वेग शून्य आणि शंभरावर न्यूटन वर. तिला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढायला सांगा, पण बाण मापात काढायचा हट्ट धरू देऊ नका. वजनाचा बाण एक सेंटीमीटर घेतला तर फरशीचा एक्क्याण्णव सेंटीमीटर होतो, वहीत मावायचा नाही.